'जोडलेलं नाही' असं लिहिणाऱ्या बाई

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष संचालक साहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या निरीक्षक बाई, त्यांचे यजमान आणि लेक, आणि चहा निवत असतानाही जागा न सोडणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी इथला कारकून. मानपत्र वाचण्याचा मान मला दिलात, आभारी आहे. यात लिहिलंय, 'देशाचं सौरऊर्जेचं उद्दिष्ट मुदतीआधी गाठण्यात बाईंचा सिंहाचा वाटा आहे.' साहेब, माफ करा, हे मला वाचवत नाही.

कारण बाई शेवटपर्यंत एकच सांगत होत्या, की उद्दिष्ट गाठलेलं नाही!

गेल्या महिन्यात याच सभागृहात ते गाठल्याचं जाहीर झालं. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पण मोजलं काय होतं? छपरावर बसवलेली पॅनेलं. त्यांतून वीज येते का, हे विचारलं कुणी? बाईंनी विचारलं, तेही हे जाहीर होण्याच्या कितीतरी आधी. गुडघे कुरकुरत असताना त्या दोनशे चौदा छपरांवर स्वतः चढल्या. एकसष्ट ठिकाणी तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या. बाळंतपणाच्या दवाखान्यावर तर त्या सुतळीनं बांधून ठेवलेल्या. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "सावली मात्र छान पडते हो बाई, आम्ही खाली कपडे वाळत घालतो."

बाईंनी अहवालात लिहिलं, 'उभारलं आहे. जोडलेलं नाही.' साहेबांनी बोलावून घेतलं. कोणत्या साहेबांनी ते सांगत नाही, ते आज व्यासपीठावर आहेत.

"बाई, उद्दिष्ट उभारणीचं आहे. वीज काय, आज ना उद्या येईलच."

"साहेब, चूल मांडली म्हणजे जेवण झालं का?"

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या फॉर्ममधून 'जोडणी' हा रकानाच गेला. तो कुणी काढला? मी. सांगितलं, काढला. मान खाली घालून. मग बाई प्रत्येक फॉर्मच्या समासात तेच दोन शब्द हातानं लिहू लागल्या, आणि मी ते वगळून आकडे वर पाठवत राहिलो.

उन्हाळ्यात एका भर दुपारी दवाखान्याची वीज गेली, ती सात तास आलीच नाही. सिस्टरांचा फोन आला, मी शेजारीच होतो. त्या रडत होत्या. "बाई, डोक्यावर सूर्य तळपतोय, त्याखाली पॅनेलं आहेत, आणि मी फ्रिजमधल्या लसी फेकून देतेय. बाहेर चाळीस बाळं आहेत. त्यांच्या आयांना सांगू काय?"

बाईंनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखीच्या वायरमनला घेऊन गेल्या. अकरा महिने जोडणीची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, मंडळी. काम झालं दोन तासांत! दवाखान्याचा फ्रिज तेव्हापासून उन्हावर चालतो.

आणि खात्यानं काय दिलं? शाबासकी? छे! 'विनापरवाना जोडणी' म्हणून कारणे दाखवा नोटीस. मग तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत बदली. सुतळी बांधणाऱ्या कंत्राटदाराला मात्र इथे शाल. ही नोटीसही मीच टाईप केली. तेव्हा बाई मला म्हणाल्या, "तारीख चुकली आहे तुमची, दुरुस्त करा." त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

देशाला असं फसवायला मोठा चोर लागत नाही, माझ्यासारखे सांगकामे पुरतात. बाई, तुमच्यासमोर आणि तुमच्या लेकीसमोर मला हे कबूल करायचं होतं. आज सकाळी उरलेल्या साठ ठिकाणांची यादी मी माझ्या सहीनं मंत्रालयात पाठवली आहे. पोच आली आहे. साहेब, तुमच्यासाठी प्रत टेबलावर ठेवली आहे. तळघरातली खुर्ची उद्यापासून रिकामीच आहे, मला चालेल.

बाई मला खाली बसायची खूण करताहेत. बसतो. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आकडे मात्र पोटात घालू नका.