नंदासाठी जिवंत गोचिडी

मंडळी, एवढ्या माणसांसमोर बोलायची मला सवय नाही. नंदाबरोबर काम करणारे तुम्ही लांबून आलात, वाडीतले तर सगळेच आहात. बोलता बोलता मधेच थांबले, तर सांभाळून घ्या.

नंदा तुमच्यासाठी गुरांची डॉक्टर. माझी ती शेजारीण, लहानपणापासूनची मैत्रीण; माझं माहेर-सासर दोन्ही ह्याच वाडीत. शिकून लांब गेली, पण सुट्टी मिळाली की आमच्या गोठ्यात हजर. कशाला? तर गोचिडी न्यायला! आम्ही त्या गायीच्या अंगावरून काढून निखाऱ्यावर टाकणारी माणसं. हिला त्या बाटलीत हव्यात.

मी विचारलं, "ह्या घाणीत काय बघतंस गो?"

म्हणाली, "सुमन, गोचडीच्या पोटात अख्खी वाडी ऱ्हवता. बारीक बारीक जंतू. नुसत्या रगतार ती जगाची नाय. रगतात नाय ता हे तिका करून देतत."

"आणि ताप?"

"तापाचे जंतू पण थयच. हे जुने ऱ्हवणारे त्येंका वाट देतत की अडवतत, ताच माका बघूचा आसा."

आमची कपिला गाय गोचीडतापानेच गेली होती. तेव्हापासून मीही त्या उत्तराची वाट बघायला लागले.

एकदा नंदाला यायला उशीर झाला. माझ्या सासूबाईंचा जन्म मासे विकण्यात गेला. त्यांनी काय करावं? तिच्यासाठी जमवलेल्या गोचिडींना मीठ लावून ठेवलं! "मासळीसारखी कुसतली म्हणान लायलंय," म्हणाल्या. नंदा पोट धरून हसली. "काकी, माका जित्यो व्हयेत!" पण म्हातारीचं मन मोडू नये म्हणून त्या खारवलेल्या गोचिडीही घेऊन गेली. अशी होती ती.

गेल्या महिन्यात फोनवर विचारलं, "गावला काय उत्तर?" म्हणाली, "अजून नाय गो. येतंय, मगे बोलू."

आली नाही. गेल्या सोमवारी झोपेतच गेली.

उत्तर आज ना उद्या तुम्ही शोधाल. मला सांगायलाही याल, माणसं चांगली आहात. पण मला ते तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. गोठ्याच्या पायरीवर बसून, चहा पिता पिता. न कळल्यासारखं करून पुन्हा विचारायचं होतं, म्हणजे ती अजून थोडी बसली असती.

काल गायीच्या कानामागे हात गेला. टपोरी गोचीड लागली. सवयीने बाटलीत टाकली, वारा जातो ना ते बघितलं. मग तशीच उभी राहिले. आता ही कोणाला देऊ?

नंदा, खंय गेलंस गो?

मंडळी, उभे राहूया. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.