तिसरं पातं

या, या. मागे उभं राहू नका, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. टिपणीस साहेबांच्या कार्यक्रमाला पुढे बसायला कसली लाज?

टिपणीस वहिनी, जमलेली सगळी मंडळी, माझं नाव सुनंदा भोईर. बदलापूरच्या पुढे आमचं गाव. अंबरनाथच्या एमआयडीसीत मी साहेबांच्या हाताखाली पाती बनवायचे. पवनचक्कीची पाती. वहिनींचा काल फोन आला, म्हणाल्या, सुनंदा, तू बोल. मी म्हटलं, वहिनी, मी भांडू शकते, भाषण नाही करू शकत. त्या म्हणाल्या, मग भांड. आता इथे उभी राहिले आणि समोर हा हार घातलेला फोटो बघितला, तर भांडणसुद्धा सुचेना. थोडं सांभाळून घ्या.

साहेब गेले. ऐन भाद्रपदात गेले. दसऱ्याच्या आधी गेले. हे दसऱ्याचं का म्हणते, ते शेवटी कळेल तुम्हाला.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना साहेब म्हणजे बिल्डिंगमधले रिटायर्ड इंजिनीयर, सकाळी दूध आणायला जाणारे, एवढंच माहीत. आम्हाला ते वेगळे माहीत. आमची कंपनी डेन्मार्कच्या एका कंपनीबरोबर भागीदारीत निघाली होती. उद्घाटनाला मोठा मांडव, मोठा बॅनर. तंत्रज्ञानाचं हस्तांतरण! प्रगत देश देणार, आपण घेणार. आम्ही बायका नव्या युनिफॉर्ममध्ये टाळ्या वाजवत उभ्या. मला वाटलं, आता आपल्याला सगळं येणार.

काय आलं? साचा आला. भलामोठा, होडीसारखा. त्यात काचेचं कापड अंथरायचं, रेझिन म्हणजे ते चिकट रसायन भरायचं, सुकलं की पातं निघायचं. पाती इथे बनायची आणि ट्रेलरवर चढून घाटावर जायची. साच्याबरोबर ड्रॉइंग आलं. कापडाचा कुठला थर आधी, कुठला नंतर, सगळं लिहिलेलं. आणि पीटर साहेब आले, शिकवायला. उंच, गोरे, उन्हाने लाल झालेले. पहिल्याच दिवशी गेटवर उभे राहिले, बोट ओलं करून हवेत धरलं आणि म्हणाले, इथे वारा नाही. टिपणीस साहेब हसले. म्हणाले, कमी आहे. नाही असं नाही.

तर पीटर साहेब शिकवायचे. असं करा. असं करू नका. आणि साहेब विचारायचे, का? पीटर म्हणायचे, मला सांगायची परवानगी नाही. करारात नाही. पुन्हा साहेब विचारायचे, का? पुन्हा तेच, परवानगी नाही. साहेब जेवणाच्या सुट्टीत आमच्यात येऊन बसायचे आणि म्हणायचे, सुनंदाबाई, एखादीने तुम्हाला वडीची कृती दिली आणि सोडा का घालायचा ते सांगितलंच नाही, तर? मी म्हटलं, तर तिच्या घरी मी परत जाणार नाही. ते म्हणाले, मला तर रोज जायचंय.

आता ऐका, खरी गंमत. वहिनी, तुम्ही ऐकलंय, तरी पुन्हा ऐका. हे सांगितल्याशिवाय मला खाली बसवणार नाही.

खंडेनवमी आली. खंडेनवमीला मशीनची पूजा होणार, हे कुणाला सांगावं लागतं का? सगळ्या एमआयडीसीत होते. आम्ही शेड धुतलं, तोरण लावलं. आणि आमचं सगळ्यात मोठं मशीन कुठलं? साचा. मग साच्याची पूजा. बाहेरून नाही हो, आत! पातं जिथे जन्माला येतं तिथे. हळद वाहिली, कुंकवाची बोटं ओढली, झेंडूची फुलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी आत शिंपडलं. दसऱ्याची सुट्टी झाली. आम्ही येऊन ओल्या फडक्याने साचा पुसला, कुंकवाचा डाग तेवढा राहिला. आम्हाला काय माहीत, त्या पुसण्यात पातं सुटावं म्हणून लावलेलं आतलं मेणही गेलं!

पातं साच्याला चिकटलं. ओढून ओढून काढलं, तर साल निघाल्यासारखी कातडी निघाली. आणि जिथे कातडी राहिली, तिथे पांढऱ्याशुभ्र पात्यावर लाल पाच बोटं. पीटर साहेब बघतच राहिले. मग त्यांचं डोकं फिरलं. अहो, काय ते ओरडणं! आणि ओरडता ओरडता सगळं सांगून टाकलं. मेण का लावतात. ओल का चालत नाही. दमट हवेत रेझिन नीट का धरत नाही. कापडाचे धागे एकीकडून तिरपे का. जे करारात नव्हतं, ते सगळं रागात बाहेर पडलं. आम्ही बायका माना खाली घालून उभ्या. मला वाटलं, आता नोकरी जाते. आणि टिपणीस साहेब माझ्या मागून हळूच म्हणतात, गप्प राहा, अजून चिडू दे.

त्या दिवसापासून साहेबांना युक्ती सापडली. पीटरला चिडवायचं! मुद्दाम येड्यासारखं विचारायचं. पीटर साहेब, हे कापड उलटं टाकलं तर? पीटर साहेब, रेझिनमध्ये थोडं पाणी घातलं तर? तो माणूस लाल व्हायचा, हात आपटायचा आणि धडाधडा कारणं सांगायचा. आम्ही शेडमध्ये आपसात ठरवायचो, आज कुणाची पाळी चिडवायची. माझी पाळी आली की मी फार मन लावून मूर्खपणा करायचे.

पीटर साहेब परत निघाले, तेव्हा आम्ही त्यांना नारळ दिला, शाल दिली. त्यांनी टिपणीस साहेबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, टिपणीस, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. आणि आमच्याकडे बघून म्हणाले, पण चिडायला परवानगी लागत नाही. साहेबांच्या डोळ्यांत तेव्हा पहिल्यांदा पाणी बघितलं मी. माणसं वाईट नव्हती हो. देणारा द्यायला तयार होता, घेणारा घ्यायला तयार होता. मधे कागद होता.

आणि एक गोष्ट पीटरला कितीही चिडवलं तरी मिळाली नाही. पात्याचा आकार. तो पीळ तसाच का, रुंदी तेवढीच का? ते पीटरलाच माहीत नव्हतं. ते त्यांच्या मोठ्या ऑफिसात कुलूपबंद. आणि साहेबांना नेमकं तेच हवं होतं. कारण ते पातं तिकडच्या जोरदार वाऱ्यासाठी घडवलेलं. आपल्याकडे बरेच महिने वारा मंद. त्या मंद वाऱ्यात ते पातं जागचं हलायचंच नाही. साहेबांनी कितीदा सांगितलं वर, आपल्या वाऱ्यासाठी आपण बदल करू. उत्तर एकच. ड्रॉइंगप्रमाणे करा.

मग तिकडे त्यांची नवी, मोठी पाती आली. आमचा साचा जुना झाला. जुना झाला कसला, तो आला तेव्हाच तिकडे कुणी वापरत नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं. करार संपला. आणि करारात लिहिलं होतं, संपल्यावर साचा नष्ट करायचा. परत पाठवायचा नाही, आपल्याला ठेवायचा नाही. नष्ट! शेडच्या बाहेर आणून कटर लावला. ज्याला आम्ही कुंकू लावलं होतं, त्याचे तुकडे करून ट्रकमध्ये टाकले. आम्ही बायका रडत होतो आणि तो कटरवाला आमच्याकडे बघत होता, की यांचं कोण गेलं? साहेब रडले नाहीत. ते म्हणाले, साचा त्यांचा होता, जाऊ दे. पण सुनंदाबाई, एक पातं आपलं करायचं. आपल्या वाऱ्याचं. ते फिरताना बघायचं. मग मी सुटलो.

बस. त्या माणसाला आयुष्यात एवढंच हवं होतं. बंगला नको, सत्कार नको. स्वतःच्या हाताने काढलेलं पातं मंद वाऱ्यात फिरताना बघायचं होतं.

रिटायर झाल्यावर त्यांनी ते हाती घेतलंच. घरात कागद, लाकडाचे नमुने, टेबल फॅनसमोर धरून बघायचे. वहिनी कपाळावर हात मारायच्या. सारखं चुकायचं, सारखं नवं. आणि शेवटी आकार बसला. आता बनवायचं कुठे? तर उल्हासनगरला लालचंद सेठ. ते बघा, दाराशी बसलेत. सेठ, पुढे या ना. त्यांच्याकडे फायबरच्या कूलरच्या बॉड्या बनतात. तेच काचेचं कापड, तेच रेझिन. साहेब भीतभीत जागा मागायला गेले. सेठ म्हणाले, अरे साईं, विचारता काय, कोपरा घ्या ना. आमचा कूलर वारा बनवतो, तुम्ही वाऱ्याची लाइट बनवा. धंदा तर एकच झाला!

लहान चक्की. तीन पात्यांची. साहेबांना ती या बिल्डिंगच्या गच्चीवर लावायची होती. चेअरमन साहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण आज बोलले नाही तर मला घास उतरणार नाही. तुम्ही सगळ्यांनी मीटिंगमध्ये हात वर केले, नको म्हणून. पडेल कुणाच्या डोक्यावर, म्हणालात. आवाज होईल, म्हणालात. त्याच गच्चीवर मोबाईलचा टॉवर चालतो तुम्हाला. ज्या माणसाने आयुष्यभर घाटावरची एवढाली पाती बनवली, त्याच्या हातची तीन लहान पाती नाही चालली. साहेब मीटिंगमधून घरी आले, वहिनींना म्हणाले, त्यांचं बरोबर आहे, भीती वाटणारच. असा माणूस होता. तुमचीच बाजू घेतली त्याने.

मग मी म्हटलं, साहेब, आमच्या टेकाडावर चला. गावाच्या वर आमचं एक टेकाड आहे, गवताशिवाय काही उगवत नाही. तिथे खांब उभा केला. उन्हाळ्यात दोन पाती झाली. काय पाती! मी इतकी वर्षं परक्यांची पाती बनवली, पण या पात्यावरून हात फिरवला तेव्हा अंगावर काटा आला. दोन पाती वर चढवून बांधून ठेवली. तिसरं करणार, तेवढ्यात पाऊस सुरू झाला. आणि साहेब आजारी पडले.

मी हॉस्पिटलात गेले. म्हटलं, साहेब, एकच राहिलंय. आम्ही करतो, सेठ आहेत, मी आहे. या आठवड्यात भरते, तुम्हाला उचलून टेकाडावर नेते. ते म्हणाले, पावसात? सुनंदाबाई, पीटर काय ओरडला होता? मी म्हटलं, पीटर गेला उडत! ते हसले. म्हणाले, दमट हवेत रेझिन धरणार नाही. पातं फसवं होईल, खाली कुणी उभं असेल. पाऊस जाऊ दे. दसऱ्याला करू. मी खूप भांडले त्यांच्याशी. सेठसुद्धा म्हणाले, साईं, हीटर लावतो ना! साहेब ऐकेनात. दसऱ्याला करू.

दसरा अजून यायचाय, आणि साहेब गेले.

मला राग येतो. कुणावर करू? जे त्यांना कुणी सरळ द्यायला तयार नव्हतं, जे त्यांनी एका गोऱ्या माणसाला चिडवून चिडवून मिळवलं, तेच त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. पाळलं नसतं तर बघून गेले असते. दोन दिवस तरी फिरलं असतं! पण फसवं पातं त्यांना चालणार नव्हतं. स्वतःला बघायला मिळावं म्हणूनही नाही. काय करायचं अशा माणसाचं?

तर दसऱ्याला आम्ही तिसरं पातं भरणार. सेठच्या कूलरच्या कारखान्यात. नवमीला साच्याला कुंकू लावणार, बाहेरून. वहिनींच्या हाताने. पातं फिरेल. मला खात्री आहे, फिरेल. पण ज्याला बघायचं होतं तो खाली उभा नसेल, आणि हे मला कशानेही भरून निघणार नाही. आपण फार उशीर केला. ज्यांच्याकडे ज्ञान होतं त्यांनी केला, आणि आपण इथे बसलेल्यांनीही केला.

मला आता पुढे बोलवत नाही. एक काम करा. सगळे उभे राहा. कुणीतरी ते पंखे बंद करा. हो, सगळे. गरम होईल, होऊ दे. आणि त्या बाजूच्या खिडक्या उघडा.

टेकाडावर खांब उभा करत होतो, तेव्हा एक पानही हलत नव्हतं. मी घाम पुसत म्हटलं, साहेब, वारा कुठाय? ते माझ्यावर पहिल्यांदा चिडले. म्हणाले, नाही म्हणायचं नाही, सुनंदाबाई. कमी आहे म्हणायचं. थांबा जरा.

दोन मिनिटं कुणी बोलू नका. नुसते थांबा.

साहेब, नमस्कार करते. कमी आहे. पण आहे.