बद्द वाजणारी चाकं

भाची : चारही? मामा, चारांतलं एकही नाही?

मामा : एकही नाही. खोक्यात घाल आणि तुझ्या डॉक्टरांना सांग, जिथून आणलीत तिथे परत न्या.

भाची : कारण?

मामा : बद्द वाजतात. काल वाजवली, आज सकाळी वाजवली, हातोडी बदलून वाजवली. चांगल्या चाकावर मारलं की टण्ण होतं आणि तो आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत येतो. ही म्हणजे पुठ्ठ्याची खोकी. असल्या चाकांवर तुला डोंगराच्या वळणांवर पाठवू? तुझ्या आईला काय तोंड दाखवू?

भाची : आईला मध्ये आणू नकोस.

मामा : मी कशाला आणतोय? तीच आली होती सहा वर्षांपूर्वी, तू पहिल्यांदा शर्यतीत उतरलीस तेव्हा. माझ्याकडून शब्द घेऊन गेली. मामाने वाजवून खडूची खूण केल्याशिवाय पोरीच्या गाडीला चाक लागणार नाही. आजवर पाळलाय.

भाची : पाळ ना. पण जरा नीट बघून तरी पाळ. एकेक चाक साडेतीन किलोने हलकं आहे. तुला माहितीये त्याने काय होतं?

मामा : डॉक्टरांचा खिसाही तेवढाच हलका होतो.

भाची : ओले बूट घालून धावून बघ, मग कळेल. पायातलं ओझं डोक्यावरच्या ओझ्यापेक्षा जास्त छळतं. गाडीचंही तसंच. चाक जड असेल तर खड्ड्यावरून उडालं की रस्त्यावर परत यायला वेळ लावतं. तेवढा वेळ टायर हवेत. हलकं चाक लगेच खाली येतं. वळणावर मला तेच हवंय.

मामा : आणि फुटपाथच्या कडेला घासलं तर? आपलं साधं चाक वाकतं. मी तापवतो, दाबतो, सरळ करतो, संध्याकाळी माणूस घरी. हे काळं प्लास्टिक वाकत नाही. जे वाकत नाही ते सरळ काय करणार?

भाची : असं आहे होय! म्हणजे चाकं वाईट नाहीत, तुला त्यांत काम नाही म्हणून राग आहे.

मामा : तोंड सांभाळ.

भाची : खरं बोलले की तोंड सांभाळ. तू काल खोकं उघडलं तेव्हाच नाक मुरडलंस. वाजवायच्या आधी.

मामा : अगं, नाक मुरडलं असेल. पण हातोडी मारताना मी लबाडी करत नाही. कधी केली नाही. रविवारी जुनी चाकं लाव, जिंकून ये, पेढे मीच आणतो. सोमवारपासून मात्र शटर उघडणार नाही.

भाची : हे तू वर्षातून दोनदा म्हणतोस.

मामा : या वेळी जागेच्या मालकाला सांगून आलोय.

भाची : काय?

मामा : काल संध्याकाळी. म्हटलं, महिनाअखेर किल्ली घ्या.

भाची : मामा! आणि मला आज सांगतोस? बोलता बोलता?

डॉक्टर : येऊ का आत? बाहेरपर्यंत आवाज येतोय. माझ्या दवाखान्यात पेशंटसुद्धा एवढे ओरडत नाहीत, आणि मी तर दाढा काढते.

मामा : या डॉक्टर. बसा त्या स्टुलावर, पुसलेलं आहे. तुमची चाकं नापास झाली.

डॉक्टर : चारही?

भाची : तुम्हीच विचारा आता. मी विचारून दमले.

डॉक्टर : अहो मामा, माझी गाडी, माझी हौस, ते सोडा. पण रविवारी हिला त्या गाडीत मी बसवणार आहे. काही दोष असेल तर मला आधी ऐकायचंय. काय सापडलं?

मामा : बद्द वाजतात.

डॉक्टर : सारखीच बद्द? चारही?

मामा : सारखीच.

डॉक्टर : कार्बनची दुसरी चाकं वाजवलीत कधी?

मामा : आमच्या गल्लीत कोण आणतंय असली चाकं! ही पहिलीच. जितक्यात ही चार आली तितक्यात माणूस एक छोटी गाडी घेतो.

डॉक्टर : मग ती बद्द वाजतात हे तुम्ही कशाच्या मानाने म्हणताय?

मामा : म्हणजे? चाकाच्या मानाने.

भाची : धातूच्या चाकाच्या! मामा, कार्बन वाजतच नाही. ते कापडाचे थर असतात, राळेत भिजवून घट्ट केलेले. त्याला टण्ण कुठून येणार? नवंकोरं असलं तरी असंच वाजतं.

मामा : … नवं असलं तरी?

भाची : हो.

मामा : मग तू काल का नाही बोललीस?

भाची : मला काय माहीत तुला माहीत नाही! तुला चाकांतलं माहीत नाही असं काही असतं, हेच मला माहीत नाही. मला वाटलं, हट्टाने नापास करतोयस.

मामा : आणि मला वाटलं, कान गेले.

भाची : कुणाचे?

मामा : माझे. अजून कुणाचे?

डॉक्टर : मामा, नीट सांगा बघू. काही घाई नाही.

मामा : सांगण्यासारखं काय आहे? घरी टीव्हीचा आवाज मोठा लागतो. दारावरची बेल एकदा ऐकू येते, एकदा नाही. गेल्या महिन्यात एका टॅक्सीवाल्याची रिम मी वाजवून ठीक म्हणून दिली. आठ दिवसांत हवा जाते म्हणून दारात हजर. मी आत होतो, बोलणं ऐकलं, बाहेर आलोच नाही. तेव्हाच मनाने घेतलं. त्यात काल ही चार. एकापाठोपाठ एक, चारही मुकी. म्हटलं, चारही चाकं वाईट असतील हे काही खरं नाही. वाईट झालेलं एकच आहे.

भाची : म्हणून मालकाकडे गेलास?

मामा : ज्याला ऐकू येत नाही त्याने लोकांच्या पोरीबाळींच्या चाकांवर खुणा करू नयेत.

भाची : अरे पण आपली जुनी रिम वाजवून बघायचीस ना!

मामा : बघितली. वाजली. पण ती रिम मी इतकी वर्षं वाजवतोय. ती कानात वाजते की आठवणीत, हे कोण सांगणार?

भाची : मामा, तो टॅक्सीवाला.

मामा : त्याचं काय?

भाची : त्याची हवा व्हॉल्व्हमधून जात होती. पाण्यात धरून बघितलं मी. व्हॉल्व्ह बदलला, पाच मिनिटांचं काम, तो हसत गेला. रिमला काहीही झालं नव्हतं.

मामा : मला कोण सांगणार हे?

भाची : राहिलं सांगायचं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

मामा : महिनाभर मला झोप नाही, आणि सांगण्यासारखं काय होतं म्हणे!

डॉक्टर : तुमच्या दोघांच्या घरात बोलण्यावर बंदी आहे का? मामा, ऐका. मी रोज दातांवर टकटक करते. हा बघा आरसा, खिशातच असतो. याच्या दांड्याने. एकच दात वाजवून मला काहीसुद्धा कळत नाही. कारण माणसागणिक दात वेगळा. म्हणून आधी शेजारचा चांगला वाजवायचा, मग पलीकडचा, मग दुखरा. त्याच तोंडातला फरक ऐकायचा.

मामा : म्हणजे टण्ण शोधायचं नाही.

डॉक्टर : शोधायचंच नाही. ते विसरा. चार चाकं एकसारखी आहेत ना? मग या चाकाचा आणि त्या चाकाचा तोच भाग. या दोन आऱ्यांमधला आणि त्या दोन आऱ्यांमधला. वेगळं कोण बोलतंय तेवढंच ऐका.

भाची : हातोडी नको पण. ही हळवी असतात.

मामा : हातोडी मी काय ऐरणीवर मारल्यासारखी मारतो? द्या डॉक्टर, तो आरसा द्या. बये, तू कंप्रेसर बंद कर आणि तो पंखाही. आणि तोंडही.

(मामा गुडघ्यांखाली पोतं घेऊन बसतो. एका चाकाचा पूर्ण फेरा, बोटाबोटाच्या अंतरावर. मग दुसरं, तिसरं, चौथं, आणि पुन्हा तिसरं. मध्येच मागे येऊन पहिल्याला विचारून घेतो. बराच वेळ टकटकीशिवाय काही नाही.)

मामा : इथे.

भाची : कुठे?

मामा : तिसरं चाक. आतली बाजू. हा आरा आणि हा, यांच्या मध्ये, कडेपासून चार बोटं. बाकी सगळीकडे टक टक करतं. इथे टप. ऐक. टक. टक. टप. टक.

भाची : मला सगळं सारखंच वाटतंय.

डॉक्टर : मला नाही. पण मी रोज ऐकते.

मामा : वजन चिकटवलंय तिथे, बॅलन्सिंगचं. म्हणून तर नाही ना? थांब, बाकीच्यांवरही वजनं आहेत. त्या वजनांच्या बाजूला वाजवतो. … नाही. ती नीट बोलतात. हेच गप्प आहे. काढ ते वजन.

भाची : काढते. बॅटरी धर जरा. … मामा.

मामा : काय?

भाची : रेघ आहे. पांढरी. केसाएवढी, नखभर लांब. आतले थर सुटलेत इथे. कुणीतरी खड्ड्यात जोरात आपटलंय.

डॉक्टर : बघू. अगं बाई! दुसऱ्याकडून घेतली मी. विकणारा तर म्हणाला, घरातल्या घरात ठेवलेली आहेत.

भाची : वजनाखाली होतं, त्यालाही दिसलं नसेल. मीही कालपासून दहा वेळा हात फिरवला. डॉक्टर, उताराच्या वळणावर, सगळा भार त्या एका चाकावर असताना हे फुटलं असतं तर...

डॉक्टर : नको बोलूस. कळलं.

मामा : चारही वाजवून झाली. पहिलं, दुसरं, चौथं ठणठणीत. तिसरं घरी न्या आणि भिंतीवर टांगा. शोभेचं आहे.

डॉक्टर : आता मला खरं सांगा मामा. ही घेतली तो वेडेपणाच होता ना?

मामा : तुम्ही गाडी कुठे नेता रोज?

डॉक्टर : घर ते दवाखाना.

मामा : मग निव्वळ वेडेपणा. तिथे तुम्हाला सिग्नल गाठायचाय, वेळ नाही गाठायची. दवाखान्याच्या दारात फुटपाथला एकदा कड लागली की तुमचं रडणं मलाच ऐकावं लागेल. रोजच्याला आपलं साधं चाक बरं. वाकलं तरी मी आहे.

भाची : आणि रविवारला?

मामा : रविवारचं… हे उचलून बघू दे जरा. अरेच्चा! एका हाताने येतंय की. माझी कंबर गेली ती जड चाकं उचलून उचलून. कुणी तीस वर्षं आधी का नाही काढलं हे?

भाची : मामा, उत्तर दे.

मामा : पुढे दोन काळी लाव, मागे जुनी. माप एकच आहे ना?

भाची : तेच आहे.

मामा : मग वळतात ती पुढची. तुला जे हवंय ते तिथेच हवंय. खडू कुठे गेला?

भाची : तुझ्या कानावर.

मामा : हं. आण ती चाकं इकडे. … आता हे बघा डॉक्टर. चंदेरी रिमवर पांढरा खडू, आयुष्यभर खुणा केल्या, कुणाला म्हणून दिसल्या नाहीत. मलाच चष्मा लावून शोधाव्या लागायच्या. काळ्यावर बघा कशी उठून दिसते!

डॉक्टर : मामा, माझ्या ओळखीचे चौघेजण आहेत असली चाकं घेऊन बसलेले. खरेदी झालीये, आता ती ठीक आहेत की नाहीत हे सांगणारं कुणी मिळत नाही. पाठवू?

मामा : सोमवारी?

डॉक्टर : तुमचं शटर बंद असेल तर नको.

मामा : तुम्ही आधी मला एक कानाचा डॉक्टर सांगा. तपासून घेतो. टीव्हीचं काय ते कळू दे. चाकांचं कळलं.

भाची : आणि मालक?

मामा : मालकाला फोन लावून दे. म्हणावं, मामा किल्ली देणार नाही. नाही, थांब, मीच बोलतो. आधी चाकं लाव. एक चक्कर मारून येऊ.

डॉक्टर : दोनच सीट आहेत. तुम्ही जा. मी माझ्या भिंतीवरच्या शोभेपाशी बसते.

भाची : लागली चाकं. बस मामा. वाक. अजून वाक. गुडघे आत घे.

मामा : ही गाडी आहे की पायमोजा?

भाची : पट्टा लाव. मागच्या गल्लीतून नेते, तिथे पाइपसाठी रस्ता खणलाय.

मामा : तो खणलेला पट्टा? त्यावरून माझी स्कूटर गेली की कवळी हलते. हळू घे.

भाची : हळू घेतलं तर कळणार कसं? धरून बस. आला.

मामा : कुठे आला?

भाची : गेला.

मामा : कुठे गेला?

भाची : मागे. बघ आरशात.

मामा : …

भाची : मामा? काय झालं? गप्प का? पुढून काही वाजलं का?

मामा : गाडी वळव.

भाची : अरे काय ऐकलंस तू? सांग ना!

मामा : काहीच वाजलं नाही गं. तेच पुन्हा एकदा ऐकायचंय.