उसवलेली बाही

बाबा : ही बाही का उसवलीस मग?

मुलगी : खांद्यावर ओढत होती.

बाबा : दुपारी मीच घालून बघितला हा कोट. कुठेही ओढत नव्हता. आणि ही सुईची जुनी भोकं बघ. याआधीही उसवलीस.

मुलगी : दुकान सोडलंत बाबा, नजर नाही सोडलीत.

बाबा : दुकान तुझ्या नावावर केलं, नजर नाही केली.

मुलगी : उद्या कोट द्यायचाय. ताण येतोच. तुम्हालाही यायचा की.

बाबा : यायचा ना. तुझ्या आईवर उगाच डाफरायचो. पण गिऱ्हाईक कोट घालून आरशासमोर हसलं, की जीव भांड्यात पडायचा. घरी जाऊन आडवा झालो की घोरायला लागायचो. तुझा पडतो का?

मुलगी : काय?

बाबा : जीव. भांड्यात.

मुलगी : (शिवता शिवता थांबून) नाही पडत. गेल्या महिन्यात त्या वकीलबाई आपला कोट बघून इतक्या खूश झाल्या, मिठी मारून गेल्या. आणि मी त्यांच्या बटणाचा विचार करत बसले. भर कोर्टात तुटलं तर?

बाबा : आणि दुकान आठवडाभर बंद होतं, तेव्हा?

मुलगी : तेव्हाही. काम नाही तर कुलपाची काळजी. कुलूप बघून आले की तुमच्या खोकल्याची. बाबा, आधी धडधड येते, मग मी तिच्यासाठी कारण शोधत फिरते.

बाबा : डॉक्टरांना दाखवू या. मी येतो सोबत. हेच सांगायला आलो होतो, पण जीभ रेटत नव्हती.

मुलगी : मी जाऊन आले. सोमवारी.

बाबा : एकटी?

मुलगी : एकटीच. आधी एकदा दारातूनच परतले होते. डॉक्टर म्हणाल्या, काम संपलं की ताण ओसरतो. तुमचं काम संपलं तरी हे ओसरत नाही, म्हणून यावर उपचार करायचे. आता दर सोमवारी जायचंय.

बाबा : मला का नाही सांगितलंस?

मुलगी : लोक म्हणतील, मास्तरांच्या मुलीला दुकान झेपलं नाही.

बाबा : लोकांची तोंडं शिवायला आपल्याकडे दोरा नाही. मास्तर काय म्हणतात ते ऐक. तू पहिलं काज केलंस, तेव्हा ते कापड घेऊन मी गल्लीभर फिरलो होतो. आज त्याहून जास्त अभिमान वाटतोय. हेही सांगत फिरेन, तू हो म्हणालीस तर.

मुलगी : काजाच्या वेळी नव्हतं विचारलंत.

बाबा : तेव्हा तू एवढीशी होतीस. सोमवारी दुकान मी उघडतो.

मुलगी : उघडा. गिऱ्हाइकांवर डाफरू नका.

बाबा : प्रयत्न करतो.

मुलगी : झाली बाही लावून. एकदा नजर टाकता?

बाबा : नको. तू लावलीस ना.