शब्द आत्याचा

थर्सडे बेटाच्या धक्क्यावर समोरच्या बेटावरच्या विमानतळाला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी रांग लागली होती. दोरीताच्या मागे शेजारची केझिया होती आणि बाजूला दोरीताला सोडायला आलेली तिची आत्या. पक्षाघातानंतर आत्याचा एकेक शब्द अडखळत यायचा.

“आत्या, मी जातच नाही,” दोरीता म्हणाली. “ स्पीच थेरपीचं मास्टर्स सोडते. प्रात्यक्षिकात नापास झाले.”

“क... का?”

“पेशंटचं वाक्य मीच घाईनं पुरं करायचे.”

“तू... प... पर...”

“परत घरी जाऊया?”

“गप्प! श... शब्द माझा!”

“बरं बाई, बोल.”

फेरी धक्क्याला लागली. दोरीता जागची हलली नाही.

“परी... परीक्षा... पुन्हा दे.”

“देते. आत्ता मी थांबले ना गं?”

“थांबलीस. आता नको... थांबू. फे... फेरी सुटेल.”