सुई नसलेलं घर

(घाटकोपरची बैठी चाळ, १९६९, जानेवारीतली सकाळ. अनुपमाच्या खोलीत शेजारच्या रुक्मिणीकाकी आल्या आहेत.)

अनुपमा: ...ह्या ब्लाउजचा हूक तुटला, आणि दुसरा दोरीवर ओला आहे. जाऊ दे काकी. मुलाखतीचं काय, शाळेत पुन्हा निघेल जागा.

रुक्मिणी: बी.ए. झालंस, नि एका हुकासाठी मास्तरीण होवचा सोडतलंस? सुई घे, शिव.

अनुपमा: घरात सुई नाही.

रुक्मिणी: नाय म्हणजे?

अनुपमा: नंदा रांगायला लागली तेव्हा सगळ्या टाकून दिल्या. सुया, टाचण्या, बटणंसुद्धा. हिला जमिनीवर काही दिसलं की थेट तोंडात.

रुक्मिणी: म्हणान तुझो सहदेव बाह्यो दुमडून कामार जाता.

अनुपमा: त्यांना मी सांगितलंय, उकाडा आहे.

रुक्मिणी: जानेवारीत. बरा. थांब, माझी सुई घेवन येतंय.

अनुपमा: काकी, उगाच कशाला...

रुक्मिणी: ही बघ, आणलंय. खाली ठेवतंय, उचल.

अनुपमा: खाली नको. हातात द्या ना.

रुक्मिणी: हातात सुई दिली की भांडण होता. माझ्या जावेक दिलेलंय, अजून बोलणा नाय.

अनुपमा: आणि जमिनीवर ठेवलीत तर मी बोलणार नाही.

रुक्मिणी: मगे ह्या उशयेत टोचतंय. तू काढून घे. झाला?

अनुपमा: नंदाला धरा. दोन्ही हात धरा तिचे.

रुक्मिणी: धरलंय गो. एक विचारू? हूक आपसूक तुटलो, काय तू तोडलंस?

अनुपमा: ढिला होताच. मी जरा ओढला.

रुक्मिणी: जरा.

अनुपमा: रात्रभर एकच डोक्यात. मी तिथे फळ्यावर लिहीत असेन, आणि इथे हिच्या घशात काहीतरी अडकेल. मला कळणारसुद्धा नाही.

रुक्मिणी: घरात असलंस तरी सगळा कळता? परवा तू समोर बसलेलंस, नि ह्या तुझ्या चेडवान पेपर खाल्ल्यान.

अनुपमा: अर्धंच पान.

रुक्मिणी: माझी चार पोरां सुयांच्या घरातच वाढली. घट्ट झाकणाचो डबो, वरच्या फळयेर. बटाण पडला तर आधी ता शोधायचा, मगे चूल.

अनुपमा: आणि सुईत लाल दोरा ओवूनच ठेवायचा. पडली तरी लांबून दिसते.

रुक्मिणी: ह्या माका कधी सुचला नाय.

अनुपमा: बसला हूक. सुई उशीत टोचलीय, बघा. उशी फळीवर ठेवते. दूध अकराला...

रुक्मिणी: तिसऱ्यांदा सांगतंस.

अनुपमा: निघते. येताना सुयांचं पाकीट आणीन. आणि एक डबा, घट्ट झाकणाचा.

रुक्मिणी: आण. नि येताना धावत येव नको. आमी दोघी हयच आसंव.