देवीच्या पाठीवरची खूण

लिंबायतला नोटरीच्या दाराशी रांग होती. माझ्यापुढे कलाबाई, त्यांची सून चंचल आणि गावाकडून कागद घेऊन आलेला ललित.

"मावशी, गोऱ्या साहेबानं नेलेली आपली देवी त्याचा पणतू परत देतोय. पाठीवरची खूण तेवढी सांगा."

"चोरीचा माल द्यायला खूण कशाला?"

"तेव्हा राज्यच त्यांचं होतं. इतक्या जुन्या नेण्याला कायदा लागू होत नाही. राजीखुशीनं देताहेत, म्हणून पुरावा मागतात."

"आली तर बसेल कुठं?"

"आधी दिल्लीला. सरकार सरकारला देतं."

"म्हणजे काचेत. न्हाऊ कोण घालेल माझ्या मायला?"

"ते नंतर बघू. न्हाऊ घालताना तिची पाठ फक्त तुमच्या घरच्या बाया बघायच्या. खूण तुमच्या ओवीत राहिली म्हणतात."

"खूण कळल्यावर पितळेची दुसरी घडवायला किती दिवस लागतात रे?"

"माझ्यावर शक?"

"तुझ्या मोबाइलवर. तो लाल ठिपका कशाला पेटलाय?"

"तुमचा आवाज राहावा म्हणून."

"बरं, ऐक मग.

न्हाऊ घालू माझ्या माये, ऊन पाणी गं घागरी
चांद कोरिला ओताऱ्यानं डाव्या खांद्याच्या माघारी."

ललित कागदात चांद लिहून घ्यायला लगबगीनं आत गेला.

"आत्याबाई, घरी तर तुम्ही सूर्य म्हणता. उजव्या खांद्याला."

"घरी म्हणते."

"अहो, कागद खोटा ठरला तर देवी तिकडंच राहील!"

"राहू दे. पण आली, तर पेटी माझ्यासमोर उघडायची. पाठीवर चांद निघाला तर ती ललितची. सूर्य निघाला तर पाणी तापव."